मामांच्या फोनवरचं ‘हो’

पुण्याहून पहाटेच्या एसटीत बसले खरी, पण आपण नक्की कुठल्या कामाला निघालोय हे मलाच धड सांगता आलं नसतं. चोर इंटरनेटवर, मी सॉफ्टवेअरवाली, आणि चालले होते बीड जिल्ह्यातल्या दिंद्रुडला!

झालं होतं असं. कापसाचे भाव सांगणारं एक ॲप मी बनवलंय. त्यात बदल करायला लागणारं डेव्हलपर खातं मी दिंद्रुडला मामांकडे असताना उघडलं होतं आणि पडताळणीसाठी त्यांचाच फोन जोडला होता. कुणी आत शिरू लागलं की ‘हे तुम्हीच आहात का?’ असा प्रश्न त्या फोनवर जायचा. तिथून ‘हो’ आलं तरच दार उघडायचं. आता कुणी भलताच आत घुसून पासवर्ड बदलून बसला होता. त्याने ॲपमध्ये काही वाईटसाईट घुसवलं, तर भाव बघणाऱ्या गावोगावच्या फोनमध्ये ते जाणार. खातं परत मिळवायला मामांचा फोन हातात हवा होता.

माजलगाव सोडलं तसा दोन्ही अंगांना फुटलेला कापूस दिसू लागला. तो बघण्याच्या नादात मी एक थांबा आधीच उतरले. शेळ्या राखणाऱ्या एका बाईंना वाट विचारली.

“कुणाकडं जायाचं?”

मी मामांचं नाव सांगितलं.

“आण्णाकडं व्हय? लई भला मानूस. कुनाला न्हाई म्हनत न्हाई बगा.”

उरलेली वाट उन्हातून पायी तुडवली.

मामींनी बाजरीची भाकरी आणि येसराची (भाजलेल्या धान्य-मसाल्याच्या पिठाची) आमटी वाढली. पहिल्याच घासाला माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. मामा पोट धरून हसले.

“मामा, ‘तुम्हीच आहात का’ असं फोननं विचारलं होतं?”

“इचारलं की. मी हो म्हनलं.”

“अहो, पण ना तुम्ही होता, ना मी!”

“आसंल कुनी गरजू. न्हाई कावून (का) म्हनायचं?”

हसावं की रडावं, मला कळेना. मामा बरीच वर्षं सरपंच होते. दारी आलेल्याला नाही म्हणणं त्यांना कधी जमलंच नाही. गेल्या निवडणुकीत पडले आणि ओट्यावरची माणसं पांगली.

“आता कोन इचारतंय मला? त्यो फोन तेवडा इचारायचा,” ते हळूच म्हणाले. माझा इतका वेळ साठलेला राग कुठे गेला कोण जाणे.

त्यांच्या फोनवरून खातं परत घेतलं, अनोळखी सगळ्यांना बाहेर काढलं, लांबलचक नवा पासवर्ड घातला. ॲपला धक्का लागला नव्हता. जीव भांड्यात पडला. मग पडताळणी माझ्या फोनवर घेतली आणि मामांचा फोन त्यातून काढला.

“म्हंजी आता मला इचारनार न्हाई?”

“मी विचारीन ना! पण आधी माणूस ओळखायचा, मगच हो म्हणायचं.”

मामांनी मान हलवली, पण चेहरा पडलेलाच होता. परतीच्या वाटेवर तोच डोळ्यांपुढे येत राहिला. खातं वाचवलं की मामांकडून काही हिसकावून आणलं, काही उमगत नव्हतं.

घरी येऊन लॅपटॉप उघडला. माझ्याच फोनने मला विचारलं, ‘हे तुम्हीच आहात का?’ बोट पुढे जाईना. आधी दिंद्रुडला फोन लावला.

“मामा, खात्यात जाऊ का?”

“कोन बोलतंय?”

“मी, वैशू.”

“कशावरनं?”

मी गडबडलेच. मी मीच आहे हे आता कसं सांगायचं? शेवटी म्हटलं, “मामींच्या आमटीनं रडले ती.”

“मंग हो. जा,” मामा म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात मला पुन्हा सरपंच ऐकू आले.