तिघांनी घातलेलं पाणी

आमच्या गावाकडच्या घरी न्हाणीचं पाणी ज्या चरातून बाहेर पडायचं, त्या चराच्या कडेला आईची टोमॅटोची झाडं असायची. फळ चपटं, घड्या पडलेलं, पातळ सालीचं आणि चांगलं आंबट. बाजारात ते कधी दिसलं नाही, कारण तोडल्यावर लगेच फुटायचं. दादा, म्हणजे माझे वडील, तालुक्याच्या शाळेत शिपाई होते. परसातल्या भाजीवर घर चालायचं आणि पगारातलं उरेल ते माझ्या शिक्षणाला जायचं. ताथवड्याच्या कॉलेजात मी इंजिनिअर झालो, आमच्या घरातला पहिला पदवीधर. त्यात त्या चराच्या पाण्याचाही वाटा आहे असं मी मानतो.

गेल्या वर्षी उपचारासाठी आई-दादा आमच्या पिंपळे गुरवच्या फ्लॅटवर राहायला आले. येताना आईने पिशवीत थोडे पिकलेले टोमॅटो आणले होते, खायला नव्हे, बियाला. तिने गर वाटीत आंबू दिला, बी धुऊन घेतलं आणि मग तिचं अडलं. गॅसच्या घरात राख कुठली? दुसऱ्या दिवशी ती सोसायटीच्या गेटजवळच्या इस्त्रीवाल्याकडून कोळशाची राख कागदात बांधून घेऊन आली.

"आई, नुसतं वाळवलं तरी चालतं की," माझी बायको म्हणाली.

"चालतंय गं. पर राखंनं कीड लागत न्हाई. आन तेवढंच खाली जाऊन कुणाशी तरी बोलणं झालं."

पौषात चिंचवडच्या दवाखान्यात आई गेली. विधी गावी केले. परसातली झाडं पाण्यावाचून केव्हाच वाळून गेली होती. घराला कुलूप लावून दादांना इकडे घेऊन आलो, आणि आईची पिशवी आवरताना पुरचुंडी सापडली. जुन्या लुगड्याच्या तुकड्यात राख, राखेत बी. आईच्या टोमॅटोचं तेवढंच बी आता शिल्लक होतं.

दादांचं जेवण तुटलं होतं. टोमॅटोचं सार वाढलं की एक घोट घेऊन वाटी सरकवायचे. "ह्याला आंबटपणाच न्हाई," एवढंच म्हणायचे. आईबद्दल ते बोलत नव्हते, म्हणून आम्हीही बोलत नव्हतो. तिचा विषय निघू नये याची घरात सगळे काळजी घ्यायचे. मला वाटलं, हे बी उगवलं, त्याला फळ धरलं, तर दादा वाटीभर सार पितील.

माती चाळली, त्यात शेणखत मिसळलं आणि कुंडीत बी पसरून वर मातीचा पातळ थर दिला. दादा दारात उभे राहून बघत होते. "सगळं टाकू नगंस," ते म्हणाले. मी चिमूटभर बी मागे ठेवलं.

कंपनीच्या बसमध्ये मी बियाची गोष्ट काढली तेव्हा शेजारचा हसला. "राव, चाकणला क्वालिटी बघतोस आणि घरी नर्सरी? तयार रोपं मिळतात की, हवी तेवढी."

"ही मिळत नाहीत," मी म्हणालो.

उगवायची वेळ होऊन गेली, तरी मातीत काहीच हललं नाही. माती काळीभोर, ओली. वरती हिरवट बुरशी धरू लागली होती. थंडीमुळे उशीर होत असेल असं मी स्वतःला सांगत होतो. माझी शिफ्ट दर आठवड्याला बदलते, त्यामुळे पाणी कधी पहाटे घालायचो, कधी दुपारी घरी आल्यावर.

गुरुवारी कंपनीला सुट्टी असते. त्या गुरुवारी सकाळी मी पेला घेऊन बाल्कनीत गेलो, तर दादा तांब्या घेऊन कुंडीपाशी वाकलेले.

"दादा, तुम्ही घालता पाणी?"

"मंग? रोज घालायलो. तू बी घालायलास?"

मागून बायको आली. तिच्या हातात तुळशीला पाणी घालायची लोटी होती. ती आमच्या दोघांच्या हातांकडे बघतच राहिली.

"अहो, मी तर रोज तुळशीबरोबर घालते. मला वाटलं, तुम्हा दोघांच्या लक्षात राहत नसेल."

क्षणभर आम्हाला तिघांनाही हसू आलं. मग दादांनी बोटाने माती उकरली. आंबूस वास आला. बी फुगून मऊ पडलेलं होतं, बोटाने दाबलं की त्याचा चिखल व्हायचा.

"बुडवलं की रं आपण," दादा म्हणाले आणि तांब्या तिथेच ठेवून आत गेले.

त्या दिवशी मला एक कळलं. आमच्यापैकी प्रत्येकाला वाटत होतं की या कुंडीची आठवण आपल्याला एकट्यालाच आहे. एकमेकांना विचारलं असतं तर बी जगलं असतं. पण बियाबद्दल विचारलं की आईचं नाव निघणार, आणि ते तर कुणालाच काढायचं नव्हतं.

उरलेली चिमूट बायकोने रात्रभर भिजवली आणि मटकीला मोड आणतात तशी ओल्या फडक्यात बांधून फ्रिजच्या वर ठेवली, तिथे ऊब असते म्हणून. पाण्याचं काम एकट्या दादांचं, असं आम्ही जेवताना मोठ्याने ठरवलं. ते रोज फडकं हाताने चाचपायचे, सुकलं वाटलं तरच पाणी शिंपडायचे. एका सकाळी त्यांनी मला हाक मारली. बियांना दोऱ्याच्या टोकासारखे पांढरे मोड आले होते. सगळ्यांना नाही. दादांनी मोडाला हात न लावता एकेक बी चमच्याने उचललं आणि मातीच्या पेल्यांत बोटाच्या पेराएवढंही खोल न जाऊ देता ठेवलं.

रोपं आली. बरीचशी कबुतरांनी खुडली, काही आपसूक मान टाकून पडली. एकच तगलं. उन्हाळा वाढला तशी त्याची फुलं गळत गेली आणि शेवटी त्याला एकच फळ धरलं. तेच चपटं, घड्या पडलेलं.

ते लाल व्हायला लागल्यावर बायकोने हळूच विचारलं, "दादा, सार करू?"

दादांनी बराच वेळ फळाकडे बघितलं. मग आत जाऊन त्या लुगड्याच्या तुकड्याची चिंधी फाडून आणली आणि देठाला बांधली. गावाकडे बियाला राखलेल्या फळाला आई अशीच चिंधी बांधायची. चिंधी दिसली की घरातलं कुणी त्या फळाला हात लावत नसे.

म्हणजे यंदा सार नाही. त्या रात्री आम्ही तिघांनीही भाकरी कोरड्या चटणीशी खाल्ली.

फळ पिकून मऊ झालं. दादांनी गर आंबवला, बी धुतलं आणि म्हणाले, "चल, राख आणू."

इस्त्रीवाला कोळसे पेटवत होता. दादांना बघून म्हणाला, "काका, मावशी लई दिवस दिसल्या नाहीत. गावाकडंच रमल्या काय?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. दादांनी माझ्या दंडावर हात ठेवला.

"गेली ती," ते म्हणाले. "पौषात."

इस्त्रीवाल्याने हातातला चिमटा खाली ठेवला. मग त्याने कागद घेतला आणि गार राख भरू लागला.

"मी म्हणायचो, मावशी, फ्लॅटात राख कशाला? तर म्हणायच्या, रोप आलं की पहिलं तुला देते, तुझ्या टपरीला सावली होईल." त्याने कागदाची घडी घातली. "टोमॅटोच्या झाडाची सावली, काका!"

"असं म्हणली?"

"व्हय तर. रोज कायतरी असायचंच त्यांचं."

दादा हसले, आणि हसता हसता त्यांनी उपरण्याने डोळे दाबले. आईचं हे बोलणं त्यांना ठाऊक नव्हतं. घरात तिच्याबद्दल जे काही होतं ते सगळं जुनं होतं, आणि इथे, गेटपाशी, काहीतरी नवं निघालं होतं.

माझ्या बसची वेळ झाली होती. मी पुडी हातात घ्यायला गेलो, पण दादांनी ती दिली नाही. ते टपरीसमोरच्या बाकड्यावर बसले, राखेची पुडी मांडीवर ठेवली आणि इस्त्रीवाल्याला म्हणाले,

"आनखी काय काय म्हणायची ती?"