सुनेसाठी मोठा मासा

शनिवारी सकाळी दार वाजलं तेव्हा विमलबाई चहात आलं किसत होत्या. टकटक कुणाची हे कळलं, आणि हात तिथेच थबकला. पलीकडच्या घरातला विटास, मूळचा लिथुआनियाचा. तळ्यावर गळ टाकायला जायचा आणि येताना विमलबाईंना एक पाइक, तिकडचा मोठा शिकारी मासा, देऊन जायचा.

विमलबाई भंडाऱ्याकडच्या, मासेमारी करणाऱ्या ढिवराच्या घरातल्या. पोटुशीला तळ्यातला मासा रांधावा, तोही मोठ्यात मोठा, आणि डोकं तिच्याच ताटात वाढावं, ही त्यांच्याकडची माया. मुलाने, ज्ञानेशने, आईला इंग्लंडात ओंगारला बोलावलं ते बायकोचे डोहाळे पुरवायलाच. मुक्ताही रस्सा बोटं चाटून खायची.

मग दवाखान्यात मिडवाइफने मुक्ताच्या खाण्यापिण्याची चौकशी केली, रक्त तपासलं. पारा निघाला, नको तेवढा. ज्ञानेशने आईला समजावून सांगितलं. पाणी आरशासारखं असलं तरी त्यात कणभर पारा असतोच. तो किड्यांत जातो, किडे खाणाऱ्या बारक्या माशांत साठतो, आणि त्यांना गिळत वर्षानुवर्षं जगलेल्या पाइकात सगळ्यात जास्त. बाळाला काही इजा झाली का, ते मूल वाढेल तसंच कळणार. त्या दिवसापासून मुक्ता आपलं आपण शिजवून घेई. भांडली नाही. भांडली असती तर बरं, असं विमलबाईंना वाटे.

विटास हसत उभा होता, पिशवीतून शेपूट डोकावत होतं. विमलबाईंनी हात जोडून मान हलवली. त्याला वाटलं, लहान पडला. दोन्ही हात फाकवून त्याने दाखवलं, पुढच्या वेळी एवढा आणतो. तेवढ्यात मुक्ता जिना उतरून आली आणि इंग्रजीत तिने त्याला सगळं सांगितलं. त्याचा चेहरा पडला. आमच्यात गरोदर बाईला असा जुना मासा देत नाहीत, तो पुटपुटला. पण मला वाटलं, आजींना स्वतःलाच हवाय. दर वेळी त्याच तर हातांनी सांगायच्या, मोठा आण.

दार लागलं.

“आई, तुम्ही मोठा मागून घेत होता?”

“हो. लहान देल्ला तं माया कमी पडली, असं वाटे मले.”

मुक्ताचा हात पोटावर गेला. ती सिंकपाशी जाऊन आपली डाळ धुवायला लागली.

विमलबाई दारातच उभ्या राहिल्या.

“पोरी, एक येळ वरणभात मी करतो. तू बाजूले उभी राहून पाहा, पण मले करू दे.”