रघूदादाचा कायमचा अर्ज

रघूदादा रांगेत मेला.

रांग अमेरिकेची. माणूस कशेळ्याचा.

परवा दुपारी भाताच्या गिरणीत पट्टा बदलताना छातीत कळ आली. कर्जतला नेईपर्यंत संपलं.

सोळा वर्षांपूर्वी त्याच्या धाकट्या बहिणीने, मंगलने, तिकडची नागरिक झाल्या झाल्या भावासाठी अर्ज भरला. नर्स म्हणून गेलेली पोर. तिला वाटलं, दोन-तीन वर्षांत दादा-वहिनी शेजारी राहायला येतील.

भावंडांची रांग केवढी असते, हे तिलाही कुठे माहीत होतं?

दर महिन्याला नव्या तारखा लागतात. कुठवरचे अर्ज हातात घेतले, ते कळतं. चार इंग्रजी शब्द येतात म्हणून ते काम माझ्याकडे. मी मोबाइल बघायचो, दादा माझं तोंड बघायचा.

"सरकली का रं?"

"आठ दिवसांनी."

"महिन्यात आठ दिवस? आमची गाभण म्हस यापरीस जोरात चालते."

कधी तारीख जागची हलायची नाही. एकदा तर मागे गेली.

"तलाठ्याकडं निदान पुढचा माणूस दिसतो रं," तो म्हणायचा. "दिसला म्हंजे विचारता तरी येतं, बाबा, तुझं काय काम हाय?"

गावाने त्याचं नाव 'अमेरिका' पाडलं. गावाने म्हणजे मीच. "काय अमेरिका, बॅग भरली का?" असं भर बाजारात ओरडायचो.

तेव्हा मला ते फार विनोदी वाटायचं.

तीन वर्षांपूर्वी मंगलच्या नवऱ्याला लकवा मारला. तिचं इकडे येणं बंद झालं. त्याआधी दोनदा दिवाळीला आली होती, इथेच ओवाळलं होतं. पण भाऊबीजेला भावाने बहिणीच्या घरी जायचं असतं. तिच्या दारात, तिच्या पाटावर. ते एकदाही झालं नव्हतं.

"पंधरा दिवस ये रं दादा," ती फोनवर म्हणाली. "माझं घर तरी बघ."

मग पंधरा दिवसांसाठी टूरिस्ट व्हिसाचा फॉर्म. मुंबईला मुलाखत.

आदल्या दिवशी दादा फाइल घेऊन माझ्याकडे आला. सातबारा, गिरणीचं लायसन, रेशनकार्ड, सगळं लावलेलं.

"मंगलच्या अर्जाची पावती बी नेऊ का?"

"ने की," मी म्हणालो. "आपणहून दाखव. तेरा वर्षं गुपचूप थांबलायस, कुठे वाकडं पाऊल टाकलं नाहीस. वजन पडेल."

कर्जतच्या कचेरीत पडलंही असतं. आपल्याकडे पावती जितकी जुनी, तितका साहेब ओशाळतो.

काचेपलीकडच्या साहेबाने विचारलं, कशाला जायचंय?

"भाऊबीजेला," दादा म्हणाला. साहेब हसला म्हणे.

मग दादाने, कोणी मागितली नसताना, पावती काचेखालून आत सरकवली. "कायमचा अर्ज बी तुमच्याकडंच हाय साहेब. आमी काय लपवत नाय."

रविवारी तो नकाराचा कागद घेऊन आला. मी वाचला, इकडेतिकडे चौकशी केली, तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. पाहुणा म्हणून जाणाऱ्याने, मी परत येणारच, हे पटवून द्यायचं असतं. आणि आम्ही? याला तिथे कायमचं राहायचंय, याचा लेखी पुरावा स्वतःच्या हाताने नेऊन दिला होता.

दादाने कागदाची घडी घातली. मग म्हणाला, "म्हंजे, ऱ्हायला जायचं तर नंबर आला नाय म्हणून नाय. आणि भेटायला जायचं तर नंबर लावलाय म्हणून नाय?"

"तसंच."

हसला. ठसका लागेपर्यंत हसला. मग टॉवेलने डोळे पुसले.

"मंगलला बोलू नको हां. तिनं हौसेनं भरलाय अर्ज. मी सांगतो तिला, मुलाखतीला गेलोच नाय. गुडघं धरलंत, एवढं विमानात बसवत नाय."

तीन दिवाळ्या त्याने तेच सांगितलं. मंगल रुसली. गेल्या भाऊबीजेला तिने फोनसुद्धा केला नाही. दादा दिवसभर मोबाइल शर्टाच्या खिशात घेऊन गिरणीत बसला होता. मी पाहिलं होतं. तरी मी गप्प राहिलो.

जाणकार सांगतात, जुना अर्ज केलाय का, हे फॉर्मवर विचारतातच. पावती नेली नसती तरी कळलंच असतं.

असेल.

पण ती मिरवत पुढे करायचं शहाणपण माझं होतं. 'चुकीचं सांगितलं रे' एवढं म्हणायला माझ्याकडे तीन वर्षं होती. जगाची खिल्ली उडवायला माझी जीभ कधी अडखळली नाही.

काल मंगलचा फोन आला. नवऱ्याला टाकून तिला येता येत नव्हतं. रडत नव्हती, संतापली होती.

"गिरणीतले पट्टे ओढायला चालत होते ना गुडघे? माझ्याकडे यायलाच दुखत होते?"

मग मी सगळं सांगितलं. मुलाखत, पावती, नकार.

"ती दाखव म्हणून कोणी सांगितलं त्याला?"

"मी."



मग ती म्हणाली, "आणि अर्ज मी भरला होता."

आम्ही दोघांनीही एकमेकांची समजूत काढली नाही.

रघूदादा, तुझा शब्द मोडला. तुझी बहीण आता रुसलेली नाही, रडते आहे. हे तू असताना व्हायला हवं होतं.

चुकलो रे. जड मनाने निरोप.