बत्तीस दातांचे मामा

चॉकलेट खाण्यासारख्या सोप्या गोष्टीचा इतका ताप अख्ख्या शहापूर तालुक्यात आमच्या मामांशिवाय दुसऱ्या कुणी कुणाला दिला नसेल. चॉकलेट म्हणजे तोंडात टाकून विसरायची वस्तू. मामांनी तिचं व्रत केलं होतं. जेवणावरच खायचं, एका बैठकीत संपवायचं आणि लगेच पाच चुळा भरायच्या. "गोड खाल्ल्यानं दात नाय जात, गोड तोंडात ठेवल्यानं जातात," असं ते पढवायचे आणि दिवसभर गोळी चघळणारं पोर दिसलं की त्याच्या आईला चार शब्द सुनावायचे. शर्टाच्या एका खिशात चॉकलेट, दुसऱ्यात दात घासायची करंजाची काडी. वैशाखात चॉकलेट वितळून खिशाला लागायचं आणि शर्ट धुताना मामी त्यांचा उद्धार करायची. एकदा सापगावच्या थांब्यावर एसटी उभी, कंडक्टर ओरडतोय, मी पायरीवर एक पाय ठेवून विनवतोय आणि मामांची चौथी चूळ चाललेली. पाचवी होईपर्यंत गाडी गेली. "गाडी परत येल रे, दाढ नाय येत," म्हणाले. कपाळ माझं!

दातांचं हे वेड जत्रेतलं. म्हशाच्या जत्रेत बैल घेणारे मामांना हटकून सोबत नेत. जबडा उघडून बैल चारदाती की सहादाती, म्हणजे वयानं केवढा, हे ते एका नजरेत सांगत. स्वतःचे मात्र बत्तीसच्या बत्तीस शाबूत आहेत, हे दिवसातून दोनदा ऐकवत.

या माणसाला मी माझ्यासाठी मुलगी बघायला नेलं, हा माझाच मूर्खपणा. मी तिशीला टेकलो होतो, आधीची दोन स्थळं फिसकटली होती आणि किन्हवलीची ती मुलगी समोर येऊन बसताच, हीच, असं मला वाटून गेलं होतं. पोहे झाले. मामांनी खिशातलं चॉकलेट काढून तिला दिलं. तिनं ते खाल्लं, तर तिच्या हातात पाण्याचा तांब्या देऊन म्हणाले, "आता चूळ भर आणि दात दाखव बघू, बाय."

मुलीच्या वडिलांनी कप खाली ठेवला. "पावनं, आमची पोर म्हशाच्या जत्रेत नाय आणलेली."

गेलं, हेही स्थळ गेलं. मुलगी मात्र उठली, खिडकीतून चूळ टाकून आली आणि म्हणाली, "दाखवते. पण आधी तुमी दाखवा."

मामांनी मोठ्या ऐटीत जबडा उघडला. तिनं त्यांचं तोंड उजेडाकडे वळवलं आणि सावकाश मोजलं.

"एकतीस."

मामांचा चेहरा उतरला. डावीकडची शेवटची दाढ कधीच गेली होती आणि ते मामीलाही ठाऊक नव्हतं. त्यांनी मुलीच्या वडिलांपुढे हात जोडले. "चुकलो. पन ही पोर आमालाच द्या." वडिलांना हसू आवरेना आणि माझं लग्न ठरलं.

पुढे दर दिवाळीला मामा आमच्याकडे यायचे, चॉकलेट खायचे आणि माझ्या बायकोकडून दात मोजून घ्यायचे. एकोणतीस, चोवीस, सोळा. तिनं एका दाताचीही सूट दिली नाही. वय झालं की हिरड्याच साथ सोडतात, त्याला चुळा तरी काय करणार? शेवटच्या दिवाळीला खाली दोनच दात उरले होते. चॉकलेट चघळण्यावाचून इलाज नव्हता, त्याचीच त्यांना लाज वाटत होती. तरी पाच चुळा भरल्या आणि उजेडाकडे तोंड करून जबडा उघडला. बायकोनं बराच वेळ मोजलं.

"एकतीस, मामा."

"नीट मोजलंस ना गो?"

"नीट मोजलं."

मामांनी समाधानानं तोंड मिटलं.

आयुष्यभर वैताग दिला त्या माणसानं. आता जेवणावर चॉकलेट खाल्लं की आम्ही दोघं निमूटपणे पाच चुळा भरतो, गाडी सुटत असली तरी.