लडकूदादांची सहल आणि मोठा टोप

वडपे गावच्या लडकू भोईरांवर आयुष्यात काही ठरवायची वेळच आली नव्हती. लग्न वडिलांनी ठरवलं, पेरणी पावसाने ठरवली आणि शेताचं गोदाम करायचं ते हायवेने ठरवलं. त्यामुळे दोन हजार सहा साली मुलगा धनेश टूरवाल्यांचं रंगीत पुस्तक घेऊन आला आणि म्हणाला, "बाबा, तुम्ही नि आई विमानानं फिरून या. कुठं जायचं ते शनिवारपर्यंत सांगा," तेव्हा साठीच्या लडकूदादांच्या डोक्याचा पार भुगा झाला.

ही सहल त्यांना फुकट घालवायची नव्हती. चाळीस वर्षांच्या संसारात हौसाबाईंना नुसतं फिरायला म्हणून त्यांनी एकदाही नेलं नव्हतं, आणि ते आता मनाला डाचत होतं. बाईंचे गुडघे कुरकुरायला लागले होते. ही एक खेप चुकली की संपलंच, असं त्यांना वाटत होतं.

पुस्तक तीनदा चाळलं. केरळच्या पानावर खाडी, नारळ नि होडी. हे तर बाळपणी घरामागेच होतं! काश्मीरच्या पानावर बर्फ; तो त्यांनी मासळीखाली पाहिलेला. राजस्थानात वाळू, ती गोदामांच्या कामावर ढिगाने पडलेली. लोक इतक्या लांब हे बघायला का जातात? काही उमगेना.

शेवटी दादा गावात विचारायला निघाले. सगळ्यांना विचारलं, फक्त जिला न्यायचं तिला सोडून.

चुलतभाऊ केसरीनाथ म्हणाला, "जिथं मासली मिलत न्हाय तिथं जाऊ नुको. आठ दिवस कोबी खाशील." बहिणीचे यजमान, म्हणजे दाजी, त्यांचं वेगळंच. "देव नसला तर जाऊन करायचं काय? परत आल्यावर प्रसाद काय वाटणार?" धनेशला शेजारचा गोदामवाला फिरून आला त्यापेक्षा लांबची जागा हवी होती. कुणी थंडी सांगितली, कुणी नवस, कुणी भाषा. जितकी दारं तितकी कारणं. दादा गेले तेव्हा डोकं जड होतं, परतले तेव्हा गरगरत होतं.

त्यात एक घोळ झाला. वडप्यात कुणी दारात येऊन जाण्याची गोष्ट काढली, की ते आवतणच समजतात. एकवीरेला जातानाही असंच घरोघर विचारतात. शुक्रवारी सकाळी केसरीनाथ उड्या मारत आला. "दादा, एकेचालीस मानसं झाली! इमान राहू दे, बस सांगितली. तांदूल माझा, शेगडी दाजींची, भाताचा टोप तुझा."

दादांना हो म्हणवेना आणि नाही म्हणायला तोंड नव्हतं. ते मागच्या दारी गेले, तर हौसाबाई माळ्यावरचा मोठा टोप खाली काढून राखेने घासत बसल्या होत्या. बातमी त्यांच्यापर्यंत आधीच पोचली होती.

काय बोलावं ते न सुचून दादांनी विचारलं, "तुला कुठं जायाचं हाय?"

हौसाबाईंचा हात थांबला. "मना इचारता?"

"हां, तुलाच."

"ह्यो टोप जिथं येनार न्हाय, तिथं."

दादांना वाटलं, थट्टा करते. पण बाई हसत नव्हत्या. "एकवीरेला सात खेपा गेले. देवी दोनदा बगितली. बाकीच्या टायमाला पायथ्याशी तुमचा भात बगत होते."

दादा तिथेच बसले. सातही खेपा त्यांना आठवत होत्या. देवळाच्या पायऱ्या, पालखी, गुलाल, सगळं आठवत होतं. तेव्हा हौसा कुठे होती, ते मात्र काही केल्या आठवेना. त्यांना स्वतःची लाज वाटली.

मग ते उठले. ओला टोप खांद्यावर घेतला आणि भर गावातून केसरीनाथाच्या ओटीवर नेऊन ठेवला. "बस घेऊन तुमी जा. टोप ने. हौसा येनार न्हाय, मी पन न्हाय."

"आवतान देऊन घरात बसतोस?" केसरीनाथ भडकला.

"आवतान नव्हतं रे. मी इचारत होतो."

"मंग कशाला इचारलंस?"

दादा टोप तिथेच ठेवून घराकडे वळले. केसरीनाथ पुढे तीन महिने त्यांच्याशी बोलला नाही.

शनिवारी दादांनी टूरवाल्यांच्या ऑफिसात फोन लावला. काय काय बघायला आहे, ते तिथली पोरगी सांगू लागली, तर तिला मध्येच अडवून म्हणाले, "ते ऱ्हाऊ द्या. सैपाक कोन करतं?" पोरगी गोंधळली. आचारी बरोबर असतात म्हणाली. "मंग कुठलं बी लिवा." तिने केरळ लिहिलं.

केरळात पहिल्या दुपारी दोघं होडीत टेबलाशी बसली. दादा बाहेर बघत होते. तीच खाडी, तेच नारळ. एवढ्या लांब का आलो, हे कोडं काही सुटत नव्हतं. वाढप्याने भात आणला तशा हौसाबाई सवयीने उठल्या. वाढपी हिंदीत म्हणाला, "बैठो अम्मा." त्या बसल्या. समोरच्या भातातून वाफ निघत होती. त्यांनी एक घास घेतला, थांबल्या, आणि पदराने डोळे पुसले.

"काय झालं? तिखट हाय?" दादा घाबरले.

"न्हाय," हौसाबाई म्हणाल्या. "गरम हाय."