सोनगीरचा हिरवा हरभरा

"मॅडम, तुमनं औषध फेल शे. देखा, बठ्ठ्या अळ्या जित्त्या!"

सोनगीरजवळच्या शेतात सुपडू नाना हरभऱ्याचे घाटे उघडून मला सगळ्या जिवंत अळ्या दाखवत होते. बांधावर पंप उघडा होता. शेजारी रासायनिक औषधाची बाटली. पाणी भरून झालं होतं, औषध ओतायचंच बाकी होतं.

मी धुळ्याच्या एका जैविक कीटकनाशक कंपनीत फील्ड ऑफिसर आहे. आदल्या संध्याकाळी माझ्यासमोरच बीटीची फवारणी झाली होती. नाना तेव्हाही म्हणाले होते, "बीटी तं कपाशीनं बियाणं ना?" कपाशीच्या बियाण्यात ज्या जिवाणूचा गुण घातलाय, तोच जिवाणू पावडर करून पाण्यातून फवारतात. उन्हात त्याची ताकद जाते, म्हणून संध्याकाळी. तो अळीच्या पोटात जावा लागतो. तिथे आतडं निकामी होतं, अळी खाणं सोडते आणि मग दोन-तीन दिवसांनी मरते. हे सगळं मी सांगितलं होतं. पण जिवंत अळी दिसली की ऐकलेलं कोणाला आठवतं!

मी कंपनीतल्या माझ्या सरांना फोन लावला.

"मारू दे त्यांना केमिकल. वाद नको."

"सर, ह्याच आठवड्यात हा हरभरा हायवेवर विकायला जाणार. लोक घाटा सोलून तसाच तोंडात टाकतात."

केमिकलचा वेटिंग पिरियड, म्हणजे फवारल्यावर जितके दिवस माल तोडायचा नाही ती मुदत, आठवड्याहून मोठा होता.

"मग तुझ्या जबाबदारीवर," म्हणून सरांनी फोन ठेवला.

मी केसरअक्कांकडे, नानांच्या बायकोकडे, डबा मागितला. फवारलेल्या झाडावरच्या काही अळ्या आणि न फवारलेला कोवळा पाला त्यात टाकला.

"नाना, उद्या ह्यांनी पाला खाल्ला, तर पंप मी स्वतः भरून देते."

अक्कांनी पंपाचं झाकण लावलं. "घरनी पोरं बी हाऊच घाटा खातस. एक दिवस थांबा."

घरी जाऊन मला जेवण गेलं नाही. अळ्या मोठ्या असल्या तर बीटी कमी पडतं, आणि काही मोठ्या होत्याच.

सकाळी पोहोचले तेव्हा अक्का डबा हातात घेऊन हसत होत्या. पाला तसाच. अळ्या मरगळलेल्या, ताजी विष्ठा नाही. मी बांधावर बसलेच.

पुढच्या दोन दिवसांत लहान अळ्या काळ्या पडून फांदीला लोंबकळताना दिसल्या. मोठ्या थोड्या वाचल्या, त्या अक्का आणि मी हाताने वेचल्या. हरभऱ्याच्या पानांवरच्या आंबट रसाने, आंबेने, बोटं चुरचुरली. माल ठरल्या दिवशी हायवेवर गेला. नानांनी मला मूठभर घाटे दिले. मी तिथेच, न धुता खाल्ले.

तेव्हापासून शेतकऱ्याला मी एवढंच सांगते: फवारणीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी अळी मेली का ते बघू नका, खातेय का ते बघा.