माती घरात राहिली

रात्रभर पाऊस कोसळूनही आज सकाळी ओढ्याचं पाणी नितळ होतं. मी उभ्या उभ्या हसले. गेल्या वर्षी काजू लावायला आम्ही वरच्या उतारावरचं रान तोडलं आणि पहिल्याच पावसात हाच ओढा तांबडा झाला. माती डोळ्यांदेखत वाहून चालली होती. शेजारच्या पार्वतीकाकू धावत आल्या. "फांद्या जाळू नको गो, उताराला आडव्या घाल," म्हणाल्या. मग आम्ही दोघींनी चिखलात वाकून फांद्यांच्या कडेनं वाळ्याच्या गवताचे ठोंब लावले.

सातबाऱ्यावर नाव चढलं की जमीन आपली, असं मला वाटायचं. खरं तर तिची माती धरून ठेवायला शिकल्यावरच ती आपली होते.

मी काकूंना हाक मारली. त्या पाण्यात पाय सोडून बसल्या आणि म्हणाल्या, "राहिली गो माती घरात!"